आधी बसायचं, मग आखायचं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या सदरात एका गृहस्थांचं पत्र आलं होतं. पेठेतल्या एका वाचनालयाच्या दुरुस्तीला आर्किटेक्ट नेमले, त्या तरुण मंडळींनी सुरुवातीचे कित्येक आठवडे नुसत्या गप्पा मारण्यात घालवले, तर देणगीदारांनी गप्पांचे पैसे का द्यावेत, असा त्यांचा सवाल. वाचनालयाचं नाव त्यांनी दिलेलं नाही, पण नारायण पेठेत ज्यांना कळायचं त्यांना ते कळलं. मी त्या वाचनालयाच्या समितीवर आहे, तेव्हा उत्तर देणं भाग आहे. पण समितीची बाजू मांडायची म्हणून लिहीत नाही. माझी सगळी नोकरी नकाशे गिरवण्यात गेली, आणि गप्पा न मारता काढलेला नकाशा कसा असतो, हे मला त्या गृहस्थांपेक्षा नक्कीच जास्त ठाऊक आहे.

मी ट्रेसर होते. हा हुद्दा आता सांगूनही कुणाला कळत नाही. ड्राफ्ट्समननी पेन्सिलीने काढलेल्या नकाशावर ट्रेसिंग पेपर टाचायचा, शाईच्या पेनाने तो गिरवायचा आणि मग त्याच्या अमोनिया प्रिंट निघायच्या. वासाने डोळ्यांतून पाणी यायचं. आमच्या कार्यालयात सगळ्यांत जास्त मागणी टाइप प्लॅनला. शाळा, दवाखाना, समाजमंदिर, प्रत्येकाचा एकेक ठरलेला नकाशा. गाव बदललं की खालच्या पट्टीतलं नाव बदलायचं आणि उत्तरेचा बाण जागेप्रमाणे वळवायचा. इमारत आहे तशीच, बाण तेवढा फिरायचा. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि सोलापूरला सातशेच्या आसपास, पण दोन्हीकडे छज्जा तेवढाच बाहेर, खिडकी तेवढीच मोठी, व्हरांडा तेवढाच रुंद. मी एकदा साहेबांना विचारलं होतं. ते म्हणाले, ‘बाई, एस्टिमेट एकच आहे ना, मग?’ साहेब वाईट नव्हते. काम उरकायची ती रीतच होती.

तर आता वाचनालयाविषयी. वाडा जुना. जोतं काळ्या दगडाचं, वर विटा आणि मातीच्या भिंती, सागवानी खांब, माडीला लाकडी तक्तपोशी, कौलारू छप्पर. खाली सकाळी वर्तमानपत्रं वाचायला येणारी ज्येष्ठ मंडळी. वर अभ्यासिका, तिथे स्पर्धा परीक्षांची मुलं-मुली सकाळपासून रात्री उशिरापर्यंत बसलेली. पुण्यातल्या पेठांचा निम्मा संसार हल्ली या मुलांवर चालतो, हे कुणी नाकारणार नाही: खाणावळी, कॉट बेसिस, झेरॉक्स, चहाच्या टपऱ्या. भिंतींना लोणा लागला होता, म्हणजे ओलीने क्षार वर येऊन पोपडे धरत होते, जिन्याची एक पायरी खचली होती, आणि चपला-हेल्मेटचा ढीग दिंडी दरवाजापर्यंत आलेला असायचा.

समितीसमोर दोन प्रस्ताव होते. पहिला एका कंत्राटदाराचा. त्यांनी एका फेरीत मापं घेतली आणि लगेच रंगीत चित्र पाठवलं: दर्शनी भागाला एसीपीचे, म्हणजे ॲल्युमिनियमचे, चकचकीत पत्रे, आत पीओपीचं सिलिंग, खाली व्हिट्रिफाइड टाइल. एका विश्वस्तांना ते फार आवडलं. दुसरा प्रस्ताव तिघा-चौघांच्या एका छोट्या स्टुडिओचा. त्यात चित्र नव्हतंच. पहिल्या टप्प्यात आम्ही फक्त जागा आणि माणसं समजून घेऊ, त्याची ठरावीक रक्कम घेऊ, नकाशे त्यानंतर, असं साध्या मराठीत लिहिलेलं होतं. समितीत दोन बैठका भांडणं झाली. मला तो दुसरा कागद पटला, कारण पूर्वी आमच्याकडे असा कागद कधी आलाच नव्हता.

शेवटी काम स्टुडिओला मिळालं आणि ती मंडळी येऊन बसायला लागली. कधी सकाळी वर्तमानपत्रांच्या वेळी, कधी एप्रिलच्या दुपारी माडीवर घामाघूम होत, कधी रात्री अभ्यासिका बंद होताना. पत्रलेखक याला गप्पा म्हणतात. या गप्पांमधून काय निघालं, ते सांगते.

सकाळी झाडू-पोछाला येणाऱ्या मावशी आहेत. त्यांना आजवर समितीच्या कुठल्याही बैठकीला कुणी बोलावलं नव्हतं. स्टुडिओतल्या मुलीने त्यांना विचारलं, तुम्हाला काय अडतं? मावशी म्हणाल्या, बादली भरत नाही. बेसिनच्या नळाखाली बादली बसत नाही, म्हणून त्या तांब्याने बादली भरतात, मग ती भरलेली बादली खचलेल्या पायरीवरून माडीवर नेतात. पोछा वाळत घालायला जागा नाही, म्हणून तो खिडकीच्या गजावर, आणि त्याच खिडकीशी अभ्यासाला बसणारी मुलं वासाने वैतागलेली. कुंचे, फिनेल, सगळं पुस्तकांच्या कपाटामागे. आता खाली आणि वर, दोन्हीकडे एकेक छोटी मोरी केली आहे: जमिनीलगत उतार दिलेली, काठाला कडाप्प्याची पट्टी, नळ बादलीच्या उंचीच्या हिशोबाने वर, आणि पोछ्यासाठी दोन खुंट्या. सगळा खर्च धरूनही दर्शनी भागाच्या एसीपीपुढे अगदी किरकोळ. मी असंख्य नकाशे गिरवले, त्यांत बादली भरायची जागा एकाही नकाशात पाहिल्याचं आठवत नाही.

वर्तमानपत्रांचं जुनं उतरतं लाकडी स्टँड, ज्यापुढे उभं राहून वाचायचं, ते काढून टेबल-खुर्च्या टाकाव्यात असा समितीचा बेत होता. ज्येष्ठांना बसायला बरं, हा आमचा शुद्ध हेतू. पण त्यातले निम्मे लोक गुडघ्यांमुळे बसलं की उठायला घाबरतात, त्यांना टेकून उभं राहणंच सोयीचं, हे त्यांच्याशी बोलल्यावर कळलं. स्टँड राहिलं, पण अंधाऱ्या कोपऱ्यातून दाराशी सकाळचा उजेड येतो तिथे आलं, आणि त्याला पाय टेकवायला खाली एक पट्टी बसली.

मुलींचं वेगळंच. बैठकीत एकही मुलगी बोलली नाही. समोर आजोबांची फळी बसलेली, कोण बोलणार? (आजोबांच्या बैठकीत वाचनालयापेक्षा राजकारणच जास्त झालं, हेही नोंदवून ठेवते.) मग स्टुडिओतली मुलगी त्यांच्याबरोबर टपरीवर चहाला गेली. तिथे कळलं की रात्री उशिरा निघताना बोळातला दिवा बंद असतो, आणि स्वच्छतागृहाला जायचं तर मुलांच्या टेबलांमधून जावं लागतं, म्हणून कित्येक जणी दिवसभर पाणीच कमी पितात. नकाशात स्वच्छतागृहाचं दार दुसऱ्या बाजूने आलं ते यामुळे.

आता मला सगळ्यांत आवडलेला भाग. पहिला कच्चा नकाशा तयार झाल्यावर स्टुडिओच्या मंडळींनी तो कागदावर दाखवलाच नाही. कागदावरचा नकाशा दहातल्या आठ जणांना वाचता येत नाही आणि ते तसं कबूलही करत नाहीत, नुसती मान डोलावतात. त्यांनी चौकात पांढऱ्या फक्कीने खालचा मजला खऱ्या मापात आखला. भिंती म्हणजे रेघा, दारं म्हणजे मोकळी जागा, टेबलांच्या जागी खोकी. मग सगळ्यांना म्हणाले, रोज येता तसे या. वर्तमानपत्रवाला आला, गठ्ठा टाकायला वाकला आणि त्याची पाठ थेट चपलांच्या रॅकवर. एक आजी काठी घेऊन आल्या, त्यांना वळताच येईना. जिन्याखालच्या जागेत एका मुलाने हेल्मेट ठेवून पाहिलं, दोन ठेवली, तिसरं मावेना. तिथल्या तिथे रेघा पुसल्या आणि दुसऱ्या आखल्या. त्या संध्याकाळी जे बदल झाले ते बांधकाम चालू असताना झाले असते, तर प्रत्येकामागे एक भिंत फोडावी लागली असती. या ‘गप्पां’नी नेमके किती रुपये वाचवले याचा हिशोब पत्रलेखकांना हवा असेल तर त्यांनी कुठल्याही अनुभवी गवंड्याला विचारावं, भिंत बांधून पाडून परत बांधायचा दर काय.

हे काही या मुलांनी शोधून काढलेलं नाही, आणि तसा त्यांचा दावाही नाही. मुंबईत भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांनी महिला मिलन या आपल्या संघटनेच्या माध्यमातून १९८०च्या दशकातच घरांचे खऱ्या मापाचे नमुने उभे करून दाखवले होते. आपल्या येरवड्यात जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहर-विकास योजनेच्या काळात झोपड्यांच्या जागीच पक्की घरं बांधली गेली. आर्किटेक्ट प्रसन्न देसाई, स्पार्क संस्था आणि महिला मिलन यांनी वस्तीतल्या लोकांबरोबर बसून ते केलं. घर साधारण २७० चौरस फुटांचं, आधीपासून पक्कं असलेलं घर पाडायचं नाही, गल्ल्या आणि शेजार शक्यतो मोडायचा नाही, आणि खर्चाचा दहावा हिस्सा कुटुंबाचा. बहुतेक पैसा सरकारी होता, हे मुद्दाम सांगते; कारण लोकांना विचारून बांधणं ही श्रीमंतांची चैन आहे, असं आपल्याकडे समजलं जातं. १९२७ साली याच पुण्यात जन्मलेल्या आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींनी इंदूरच्या अरण्य वसाहतीत प्लॉट, जोतं आणि मोरी-संडासाची जोडणी तेवढी देऊन पुढचं घर लोकांच्या ऐपतीवर आणि आवडीवर सोडलं. पुढे २०१८ मध्ये त्यांना प्रित्झ्कर हे वास्तुकलेतलं मोठं पारितोषिक मिळालं, तेव्हा आपण पेढे वाटले. पण महापालिकेच्या छोट्याशा विरंगुळा केंद्राचा नकाशा मात्र अजून बाण फिरवूनच निघतो.

जागेचं म्हणाल, तर तेही विचारल्याशिवाय कळत नाही. या मुलांनी पहिल्या आठवड्यातच एका ज्येष्ठ सभासदांना विचारलं, पानशेत धरण फुटलं तेव्हा इथे पाणी कुठवर होतं? १२ जुलै १९६१ला ते शाळकरी होते. त्यांनी जिन्याशी जाऊन हात वर केला. वाचनालयाची त्या वेळची खालच्या फडताळांतली पुस्तकं सगळी गेली होती. पहिल्या प्रस्तावातल्या कंत्राटदाराच्या चित्रात विजेचा मुख्य बोर्ड नेमका जिन्याखाली होता. तो आता माडीच्या उंचीला गेला आहे आणि जुने दुर्मिळ अंकही वर गेले आहेत. धरण रोज फुटत नाही, असं एक सदस्य म्हणाले. फुटत नाही, खरं आहे. पण २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुराने काय केलं, ते सहकारनगर ते दांडेकर पूल या भागातल्या कुणालाही विचारा. पाण्याची वाट जुन्या माणसांच्या तोंडी असते, ती सर्व्हेच्या शीटवर शोधून सापडत नाही.

भिंतींना लोणा का लागतो, तेही असंच उकललं. जुन्या माती-विटांच्या भिंतीवर मध्ये कधीतरी सिमेंटचा गिलावा केला होता. जमिनीतून ओल वर चढते, ती चुन्याच्या गिलाव्यातून हळूहळू उडून जाते. सिमेंटमधून तिला वाट मिळत नाही, मग ती आतल्या आत क्षार घेऊन वर सरकते आणि पोपडे धरतात. आम्ही दर दिवाळीला त्यावर रंग देत होतो! सिमेंट खरवडून चुन्याचा गिलावा करायचं ठरलं. त्यासाठी चुना आधी भिजवून मुरत ठेवावा लागतो, आणि कंत्राटदार घाईवर. शेवटी पेठेतलेच एक वयस्कर गवंडी सापडले. त्यांनी मुरलेला चुना बोटांत घेऊन चोळला, थोडा वास घेतला आणि ‘अजून आठवडा’ म्हणाले. स्टुडिओतली मुलं वहीत लिहून घेत होती. पदवीधर माणूस गवंड्याचं म्हणणं लिहून घेतोय, हे मी आमच्या कार्यालयात कधी पाहिलं नव्हतं.

सगळंच छान होतं असं मात्र नाही. नकाशे वेळेवर यायचे नाहीत. चर्चेत ठरलेलं काही तोंडीच राहायचं आणि कंत्राटदाराच्या हातात जुनी प्रिंट. शेवटी मीच दम दिला की प्रत्येक शीटवर तारीख आणि सुधारणेचा क्रमांक टाकल्याशिवाय ती या वाड्यात आणायची नाही. तेवढं शिस्तीचं आमच्या पिढीकडून घ्या. आणि लोकांना विचारायचं म्हणजे लोक म्हणतील ते करायचं, असंही नाही. बहुमत घेतलं असतं तर पीओपीचं सिलिंग नक्की पास झालं असतं. स्टुडिओच्या मुलांनी ठाम नकार दिला: कौलांखालची गरम हवा वर निघून जायला वाट हवी, सिलिंग लावलं तर माडीवरची मुलं एप्रिलमध्ये भाजून निघतील. माथ्याशी झरोका ठेवला. ज्या विश्वस्तांना एसीपी हवं होतं त्यांना देणगीदारांच्या नावांची काळजी होती. नावं दाराशी काळ्या दगडावर कोरली गेली, तेही खूश. विद्यापीठातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या आवारात गेलात तर बघा, आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी इथल्याच काळ्या दगडाच्या भिंती केल्या. त्या दगडाला पुण्याच्या उन्हापावसाचं काही वाटत नाही.

आता पैशांचा मुद्दा, कारण पत्रलेखकांचा खरा राग त्याच्यावर आहे. आर्किटेक्टची फी आपल्याकडे बहुधा कामाच्या खर्चाच्या टक्केवारीवर ठरते. म्हणजे शहाबादी फरशी उखडून ग्रॅनाइट घातलं की फी वाढते, आणि शहाबादी घासून परत वापरली की कमी होते. जो विचार करून तुमचे पैसे वाचवेल त्याला दंड, अशी ही पद्धत. आमच्या वाड्यातली शहाबादी तशीच राहिली, जिन्याची खचलेली एकच पायरी बदलली, दोन सागवानी खांबांना खाली जोड दिला. टक्केवारीत या मुलांच्या पदरात काय पडलं असतं? म्हणून पहिल्या टप्प्याचे पैसे वेगळे आणि ठरावीक दिले, हे मला योग्यच वाटतं. सरकारी दरसूचीत खोदाईचा दर असतो, मुरूम भरायचा घनमीटरवर असतो, गिलाव्याचा चौरस मीटरवर असतो. विचारण्याचा दर कुठेच नाही, म्हणून ते कुणी करत नाही.

महापालिकेच्या कामांत तर अशा छोट्या स्टुडिओला दारातच अडवतात. सल्लागार नेमायच्या निविदेत उलाढालीची अट, तशाच कामाच्या अनुभवाची अट. चौघांच्या ऑफिसची कोटींची उलाढाल कुठून असणार? पूल किंवा रुग्णालयासाठी त्या अटी जरूर ठेवा. पण प्रभागातली अंगणवाडी, अभ्यासिका, विरंगुळा केंद्र, उद्यानातलं स्वच्छतागृह, एवढ्या कामांना उलाढाल कशाला? त्यापेक्षा अट घालावी की नकाशाआधी जागेवर येऊन बसायचं, झाडणाऱ्या मावशींपासून सगळ्यांशी बोलायचं, काय कळलं ते मराठीत लिहून जागेवर लावायचं, आणि इमारत झाल्यावर पहिल्या पावसाळ्यानंतर परत येऊन कुठे गळतंय ते बघायचं. शेवटची अट तर मोठ्या फर्मनाही घालावी. आमच्या वाड्यात ही मुलं गेल्या पावसाळ्यात छत्र्या घेऊन आली होती, नैर्ऋत्येकडच्या खिडकीतून पाऊस आत येतोय हे त्यांनी स्वतः पाहिलं आणि वर पत्र्याची पावसाळी स्वखर्चाने लावून दिली. अशा फेरीचेही पैसे एस्टिमेटात धरायला हवेत. दर वेळी कुणाच्या खिशातून किती जाणार?

पुणे महापालिका २००६ पासून अर्थसंकल्पासाठी नागरिकांकडून कामं सुचवून घेते. लोक बाक, दिवे, फुटपाथ सुचवतात. मी या वेळी आमच्या प्रभागात होऊ घातलेल्या अभ्यासिकेच्या कामात ‘जागा आणि वापरणाऱ्यांचा अभ्यास’ असा एक स्वतंत्र खर्चाचा मथळा धरावा, असा अर्ज दिला आहे. क्षेत्रीय कार्यालयातल्या कारकुनांनी हे कुठल्या रकान्यात बसवायचं म्हणून अर्ज दोनदा परत केला, तिसऱ्यांदा ‘इतर’मध्ये घेतला. पत्रलेखक त्याच प्रभागात राहतात असं त्यांच्या पत्त्यावरून दिसतं. त्यांची हरकत असेल तर त्यांनीही लेखी द्यावी, आणि त्याआधी एकदा सकाळी वाचनालयात येऊन जावं. अर्जाची प्रत सोबत जोडली आहे.

आपली,
एक निवृत्त ट्रेसर,
नारायण पेठ, पुणे ४११०३०